मतदाराचा प्रश्न आणि उमेदवाराचें उत्तर

निवडणुकीच्या धामधुमींत ज्या असंख्य गोष्टी घडतात त्यांत एक गोष्ट इतकी लहान असते कीं विचारी माणसांचें तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. उमेदवार हात जोडीत गल्लींतून चाललेला असतो, मागें कार्यकर्त्यांचा घोळका असतो, आणि मध्येंच एखादा मतदार पुढें होऊन त्यास कांहीं विचारतो. घोळका क्षणभर थांबतो. उमेदवार हंसतो, विचारणाराच्या खांद्यावर हात ठेवतो, 'बघतों', 'होऊन जाईल', 'तुम्ही काळजी करूं नका' यांपैकीं एखादें वाक्य उच्चारतो, आणि घोळका पुढें सरकतो. प्रश्न नळाच्या पाण्याचा असो, शाळेच्या इमारतीचा असो, किंवा अमुक कायद्याविषयीं आपलें मत काय असा असो, उत्तर बहुधा या तिहींतलेंच असतें. ह्या अर्ध्या मिनिटांत नीतीचा कांहीं प्रश्न गुंतलेला आहे असें म्हटल्यास कित्येक वाचकांस ती अतिशयोक्ति वाटेल. आमच्या मतें तो गुंतलेला आहे, आणि लोकमतावर चालणाऱ्या राज्यपद्धतींत जे नैतिक प्रश्न उत्पन्न होतात त्यांत तो कांहीं अगदीं गौण नव्हे.

प्रथम व्यवहारी माणसाचा आक्षेप ऐकूं. २०२४ सालच्या लोकसभेच्या निवडणुकींत सुमारें ९७ कोटि मतदारांचीं नांवें यादींत होतीं आणि जागा होत्या ५४३. म्हणजे सरासरीनें एका जागेमागें १७ ते १८ लाख मतदार पडले. या हिशेबांत एकट्या मतदाराचें मोल तें किती? त्याचें मत मिळालें काय आणि न मिळालें काय, निकालांत फरक पडण्याचा संभव शून्याच्या जवळ. अशा एकाच्या प्रश्नासाठीं उमेदवारानें पांच मिनिटें खर्चिलीं, तर तीं वायां गेलीं असेंच कोणीहि हिशेबी माणूस म्हणेल. प्रश्न ही मताची किंमत आहे असें धरलें तर हा आक्षेप बिनतोड आहे. पण तसें धरावें कां? सभासद झाल्यावर उमेदवार लाखों लोकांवर सत्ता चालवितो हें खरें. ती सत्ता येऊन पडते मात्र एकेका माणसावर. कर भरतो तो एकटा भरतो, तुरुंगांत जातो तो एकटा जातो, आणि ज्याची जमीन सरकारी कामासाठीं घेतली जाते त्याला आपण १७ लाखांतला एक होतों या विचारानें कांहीं समाधान होत नाहीं. जो मनुष्य माझ्यावर सत्ता मागण्यास आला आहे त्यास ती सत्ता तूं कशी वापरशील असें विचारण्याचा मला हक्क आहे, आणि तो हक्क माझ्यासारखे आणखी किती आहेत यावर अवलंबून नाहीं.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. उत्तर आणि वचन ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. उत्तरांत बोलणारा आपल्या मनांत काय आहे तें दाखवितो. वचनांत तो ऐकणाराच्या मनांत जें आहे तें त्यास परत करतो. वचन देण्यास विचार लागत नाहीं, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहिलें म्हणजे पुरतें. आमची तक्रार उमेदवार प्रश्न टाळतात एवढीच नाहीं. प्रश्न टाळला तर टाळलेला दिसतो तरी. उत्तर मागितलें असतां वचन हातावर ठेवलें म्हणजे विचारणारास आपणांस कांहीं मिळालें असें वाटतें, आणि आपला प्रश्न होता तेथेंच आहे हें त्याच्या ध्यानांत येण्यास पुष्कळ काळ जावा लागतो.

ही युक्ति फार जुनी आहे. इ. स. पूर्वी ६४ सालीं सिसेरो रोममध्यें कॉन्सलपदासाठीं उभा राहिला, त्या वेळीं त्याचा धाकटा भाऊ क्विंटस यानें त्यास लिहिलेलें म्हणून एक उपदेशपर पत्र प्रसिद्ध आहे. तें क्विंटसचेंच कीं मागाहून कोणी रचलेलें, याविषयीं विद्वानांत वाद आहे. त्यांतील मतलबाविषयीं वाद नाहीं. उमेदवारानें होतां होईल तों कोणास नकार देऊं नये. नकारानें माणूस तेथल्या तेथें दुखावतो, आणि वचन पाळण्याची वेळ कदाचित् येणारहि नाहीं, आलीच तर पुढें येईल, असा त्याचा इत्यर्थ आहे. त्याच रोममध्यें उमेदवाराच्या मागें समोरून येणाऱ्या नागरिकाचें नांव कानांत सांगणारा गुलाम चालत असे. (आमच्याकडे कार्यकर्ता पुढें वांकून 'हे अमुक आळीचे' असें कुजबुजतो, तो याच गुलामाचा वारस.) धाकटा केटो सैन्यांतील ट्रिब्यूनच्या जागेसाठीं उभा राहिला तेव्हां असे गुलाम बरोबर नेण्यास कायद्यानें मनाई झालेली होती, ती मनाई केटोनें तेवढी पाळली आणि लोकांचीं नांवें स्वतः पाठ केलीं, असें प्लुटार्क लिहितो. पुढें कॉन्सलपदासाठीं उभें राहिल्यावर हाच केटो मतदारांची मनधरणी करीना, म्हणून हरला.

इंग्लंडच्या इतिहासांत या विषयावर पहिलें नांव निघतें तें एडमंड बर्कचें. १७७४ सालीं ब्रिस्टल शहरानें बर्क आणि हेन्री क्रूगर असे दोन सभासद निवडले. मतदारांनीं सभासदास आज्ञा द्याव्या व सभासदानें त्या पाळाव्या ही कल्पना क्रूगरनें उचलून धरली. बर्कनें ३ नोव्हेंबर रोजीं केलेल्या भाषणांत तिला उघड विरोध केला. सभासदानें मतदारांचें म्हणणें आदरानें ऐकावें, परंतु निर्णय स्वतःच्या बुद्धीनें करावा, असें त्याचें प्रतिपादन होतें. हें भाषण आजवर राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांस पढविलें जातें, आणि तें योग्यच आहे. मात्र तें वाचतांना एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं, ती ही कीं बर्कनें तें मतमोजणीचा निकाल जाहीर झाल्यावर केलें. विचार थोर असला तरी तो ऐकण्याची उत्तम वेळ त्यापूर्वींची होती. बर्कच्या बाजूनें इतकें अवश्य म्हटलें पाहिजे कीं पुढील सहा वर्षें तो त्या विचाराप्रमाणें वागला. आयर्लंडच्या व्यापारावरील बंधनें सैल करण्यास व कॅथलिकांवरील जाच कमी करण्यास त्यानें ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांची नाराजी पत्करून पाठिंबा दिला, आणि १७८० सालीं आपल्या वर्तनाचा जबाब मतदारांपुढें देऊन, आपणांस मतें मिळत नाहींत असें दिसतांच स्पर्धेंतून माघार घेतली.

मतमोजणीपूर्वीं स्पष्ट बोलणारा पुरुष पाहावयाचा असेल तर जॉन स्टुअर्ट मिल्लकडे वळलें पाहिजे. आगरकरांच्या पिढीपासून महाराष्ट्रांतील सुशिक्षितांस मिल्लचें नांव परिचित आहे, परंतु तें ग्रंथकार म्हणून. उमेदवार मिल्ल आमच्याकडे फारसा कोणास माहीत नाहीं. १८६५ सालीं वेस्टमिन्स्टरच्या कांहीं मतदारांनीं त्यास उभें राहण्याची विनंति केली. त्यानें पत्र लिहून कळविलें कीं, मी मतें मागण्यास दारोदार हिंडणार नाहीं, निवडणुकीसाठीं पैसा खर्चणार नाहीं, निवडून आल्यास तुमच्या शहराच्या स्थानिक कामांत माझा वेळ घालविणार नाहीं, आणि स्त्रियांस पुरुषांप्रमाणेंच मताचा अधिकार असावा असें माझें मत आहे. शेवटचा मुद्दा त्या काळीं कोणा उमेदवाराच्या स्वप्नांतहि येत नसे. मतदानाचा दिवस अगदीं जवळ येईपर्यंत तो मतदारसंघांत फिरकलाच नाहीं. मग थोड्या सभांस गेला, आणि विचारतील त्या प्रश्नांस उत्तरें देऊं लागला.

त्यांतील एका सभेंत बहुतेक श्रोते कामकरी वर्गांतले होते. मिल्लनें १८५९ सालीं पार्लमेंटच्या सुधारणेवर एक लहान पुस्तक लिहिलें होतें. त्यांत, इंग्लंडमधील खालच्या वर्गांतले लोक सामान्यतः खोटें बोलणारे असले तरी त्यांस त्या खोट्याची लाज वाटते, आणि इतर कांहीं देशांतल्या त्याच वर्गांहून त्यांचा हा विशेष आहे, अशा अर्थाचें एक विधान होतें. प्रतिपक्षाच्या कोणी गृहस्थानें तेवढाच भाग फलकावर छापून घेतला होता. तो भर सभेंत मिल्लपुढें धरण्यांत आला आणि हें तुम्ही लिहिलें काय असें त्यास विचारण्यांत आलें. मिल्लनें तत्काळ होकार दिला आणि तेवढेंच बोलून तो थांबला. सभेंत टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर बोलण्यास उठला तो जॉर्ज ऑजर, व्यवसायानें चांभार आणि कामकऱ्यांचा एक पुढारी. कामकरी वर्गास आपले दोष ऐकण्याची नाखुषी नाहीं. त्यास खुशामती नकोत, मित्र हवे आहेत, अशा आशयाचें तो बोलला.

ह्या प्रसंगाचें मर्म कशांत आहे? मिल्ल धीट होता, इतकें म्हणून सोडून देण्यासारखा तो नाहीं. वास्तविक त्यास सुटकेच्या वाटा पुष्कळ होत्या. वाक्य संदर्भ सोडून घेतलें आहे असें तो म्हणूं शकला असता, आणि तें खोटेंहि ठरलें नसतें. वाक्याचा उत्तरार्ध कामकऱ्यांच्या स्तुतीचा आहे असेंहि दाखवितां आलें असतें. प्रश्न विचारणाराचा हेतु शुद्ध नव्हता हें तर उघडच होतें, आणि तेवढ्यावर त्यास झिडकारणें सोपें होतें. परंतु प्रश्न एवढाच होता कीं हें तूं लिहिलेंस काय. त्याचें उत्तर एका शब्दाचें होतें, तें आधीं दिलें पाहिजे, स्पष्टीकरणें मागाहून, हें मिल्लनें ओळखलें. आणखी एक गोष्ट आम्हांस याहूनहि महत्त्वाची वाटते. १८६७ चा सुधारणेचा कायदा व्हावयाचा होता. त्यापूर्वीं कामकरी वर्गांतील बहुतेकांस मताचा अधिकारच नव्हता. म्हणजे ज्या लोकांपुढें मिल्लनें आपला अपराध, अपराधच म्हणावयाचा असेल तर, कबूल केला त्यांतील पुष्कळांच्या हातीं त्यास शिक्षा करण्याचेंहि साधन नव्हतें आणि बक्षीस देण्याचेंहि नव्हतें. त्यांच्या प्रश्नास त्यानें जें मोल दिलें तें त्यांच्या मताचें मोल नव्हतें. पुढें त्याच लोकांस मताधिकार मिळावा म्हणून तो पार्लमेंटांत झगडला.

मिल्ल सर्वच प्रश्नांस उत्तर देत असे असें मात्र कोणी समजूं नये. माझ्या धर्ममतांविषयीं विचारल्यास मी उत्तर देणार नाहीं, असें त्यानें आरंभींच जाहीर केलें होतें आणि तें शेवटपर्यंत पाळलें. यांत विसंगति आहे असें वरवर वाटेल. आमच्या मतें नाहीं. अमुक प्रश्न विचारण्याचा अधिकार मतदारास नाहीं असें एखाद्या उमेदवाराचें प्रामाणिक मत असूं शकेल; तें त्यानें सर्वांस सारखें, आगाऊ आणि उघड सांगितलें म्हणजे तो नकारहि एक प्रकारचें उत्तरच होतो, आणि असा नकार देणारास मत द्यावें कीं न द्यावें हें मतदारास ठरवितां येतें. दोष लागतो तो भाविकापुढें भाविक आणि नास्तिकापुढें नास्तिक होणारास. १८६८ च्या निवडणुकींत मिल्ल पडला आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हा वर्तमानपत्रें व पुस्तकें विकणाऱ्या मोठ्या पेढीचा मालक निवडून आला. त्या वेळीं मिल्लनें नास्तिक म्हणून गाजलेल्या ब्रॅडलॉच्या निवडणूक खर्चासाठीं पैसे दिले होते, आणि ही गोष्ट त्यास फार भोंवली. सत्य बोलणाराचा जय होतोच असें आम्ही येथें सुचवीत नाहीं. एकदां झाला, एकदां झाला नाहीं.

याच्या अगदीं उलट वाटणारें उदाहरण अब्राहाम लिंकनचें आहे. १८६० सालीं अध्यक्षपदाचा उमेदवार झाल्यावर त्याच्याकडे मतें विचारणाऱ्या पत्रांचा पाऊस पडूं लागला. त्यानें उत्तराचा एक ठराविक मसुदा करून ठेवला. उमेदवारी मिळाली तेव्हां माझीं मतें सर्वांस ठाऊक होतीं. आतां त्यांत फेरबदल करून मी प्रचारांत घोटाळा उत्पन्न करूं इच्छीत नाहीं, असा त्याचा आशय. गुलामगिरीच्या प्रश्नावर देश फुटण्याच्या बेतांत असतां हें मौन योग्य होतें काय, यावर दोन्ही बाजूंनीं बोलतां येईल. आम्ही लिंकनच्या बाजूस कललों आहों, कारण त्याचीं भाषणें छापलेलीं होतीं व कोणासहि वाचण्यास मोकळीं होतीं. आणि त्या ठराविक मसुद्याचा गुण असा कीं उत्तरेच्या माणसास एक व दक्षिणेच्या माणसास दुसरें असें त्यांत कांहीं नव्हतें. गंमत अशी कीं त्याच दिवसांत न्यूयॉर्क संस्थानांतील वेस्टफील्ड गांवच्या अकरा वर्षांच्या एका मुलीनें, तुम्ही दाढी राखा म्हणजे चांगले दिसाल व मी माझ्या भावांस तुम्हांला मतें देण्यास सांगेन, असें पत्र पाठविलें, त्यास मात्र लिंकननें १९ ऑक्टोबर रोजीं स्वतःच्या हातानें उत्तर लिहिलें. त्यांतहि त्यानें वचन दिलें नाहीं; आजवर दाढी ठेविली नाहीं, आतां ठेविली तर लोक त्यास ढंग म्हणणार नाहींत काय, असा उलट प्रश्न केला. दाढी मात्र राखली, आणि फेब्रुवारी १८६१ मध्यें वॉशिंग्टनला जातांना गाडी वेस्टफील्डला थांबली तेव्हां ती तिला दाखविली. दाढीविषयींहि जो पाळतां येईल कीं नाहीं अशा वचनास कचरतो, त्याचें मौन आणि आमच्या गल्लींतलें 'होऊन जाईल' हीं एका पंक्तीस बसविणें अन्याय होईल.

अलीकडच्या काळांत प्रश्न विचारणारा मतदार कॅमेऱ्यापुढें आला आणि एक नवाच घोटाळा उत्पन्न झाला. १५ ऑक्टोबर १९९२ रोजीं रिचमंड येथें अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे तिघे उमेदवार सामान्य मतदारांच्या प्रश्नांस उत्तरें देत होते. एका स्त्रीनें विचारलें कीं राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला आहे. अध्यक्ष बुश गोंधळले, आणि प्रश्नाचा अर्थ आपणांस नीट कळला नाहीं असें म्हणाले. क्लिंटन चार पावलें पुढें गेले, तिच्या नजरेस नजर देऊन तिलाच तिची हकीकत विचारूं लागले, आणि आपल्या लहानशा राज्यांत कामें गेलेल्या लोकांस आपण कसे नांवानिशीं ओळखतों तें सांगूं लागले. त्या रात्रीचा विजय क्लिंटनचा, असें सर्वांनीं ठरविलें. आम्हांस यांत बुशवर थोडा अन्याय झालासा वाटतो. विचारणारीच्या मनांत राष्ट्रीय कर्ज नसून व्यापारांतील मंदी होती हें पुढें संचालकासहि स्पष्ट करावें लागलें. तेव्हां प्रश्न कळला नाहीं असें म्हणणारा निदान प्रश्नाकडे पाहत होता. दुसरा प्रश्न विचारणारीकडे पाहत होता. दोहोंची आवश्यकता आहे हें आम्ही नाकारीत नाहीं, आणि घड्याळाकडे पाहणाऱ्या बुशांस त्या सभेंत कंटाळा आला होता असें पुष्कळांस दिसलें तेंहि खरें असेल. पण लोकांनीं वाखाणलीं तीं चार पावलें.

त्या पावलांवर किती विश्वास ठेवावा हें २८ एप्रिल २०१० रोजीं इंग्लंडमधील रॉचडेल येथें दिसून आलें. मुख्य प्रधान गॉर्डन ब्राउन यांस एका वृद्ध विधवेनें रस्त्यांत गांठून सरकारी कर्ज, निवृत्तिवेतनें व परदेशांतून येणारे लोक यांविषयीं टोचून विचारलें. ब्राउन तिच्याशीं गोड बोलले, तिची प्रशंसा केली, आणि मोटारींत बसतांच ती संकुचित वृत्तीची बाई असल्याचें आपल्या सहकाऱ्यास म्हणाले. कोटास लावलेलें ध्वनिग्राहक यंत्र चालूंच होतें. तिसऱ्या प्रहरीं त्यांस तिच्या घरीं जाऊन क्षमा मागावी लागली. जगानें त्यांस दोष दिला तो मोटारींतल्या वाक्याबद्दल. आम्ही तो रस्त्यांतल्या गोडव्याबद्दल अधिक देऊं. बाईंचें मत चुकीचें आहे असें त्यांस वाटत होतें तर तें तिला सभ्य शब्दांत सांगण्यास कोणाची आडकाठी होती? तिच्याशीं वाद घातला असता तर तिचा मान राहिला असता. तिची समजूत काढून वाटेस लावली, त्यांत तो राहिला नाहीं.

इतका वेळ आम्ही उमेदवारांस धारेवर धरलें, परंतु प्रश्न विचारणारेहि आपणच आहोंत. सुशिक्षित घरांतून असा एक सूर ऐकूं येतो कीं सामान्य मतदार नळ, गटार, मुलाची नोकरी यांपलीकडे कांहीं विचारीतच नाहीं, तेव्हां त्यास वचनेंच मिळणार. हा सूर आम्हांस मान्य नाहीं. दोन मैलांवरून डोक्यावर हंडा आणणारीनें पाण्याविषयीं विचारलें तर तो राज्यकारभाराविषयींचाच प्रश्न झाला, आणि त्यास खरें उत्तर असूं शकतें: पाणी कोठून येईल, खर्च कोण करील, किती वर्षें लागतील, आणि हें काम लोकसभेच्या सभासदाच्या हातचें आहे कीं जिल्हा परिषदेच्या. पुष्कळदां खरें उत्तर 'हें माझ्या हातीं नाहीं' असेंच असतें, आणि तें ऐकण्याची तयारी आमच्यांत नसते. मुलाच्या नोकरीची गोष्ट निराळी. तेथें विचारणारा प्रश्न विचारीतच नसतो, तो सौदा मांडीत असतो. आणि असा सौदा झोपडींत होतो तितकाच बंगल्यांतहि होतो, तेथें फक्त नोकरीच्या जागीं परवाना असतो.

आमच्या देशांत कायद्यानें मतदाराचे कांहीं प्रश्न त्याच्या वतीनें विचारून ठेवले आहेत. २००२ व २००३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनंतर प्रत्येक उमेदवारास आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, देणीं आणि शिक्षण यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. ही मोठी सोय झाली. पूर्वीं हे प्रश्न तोंडावर विचारण्याची छाती कितीकांस झाली असती? परंतु उमेदवार पुढें काय करील याचें उत्तर शपथपत्रांत नसतें, आणि तें तोंडानें दिलें तरी त्याची आज काय किंमत आहे, अशी एक शंका आमच्या मनांत राहते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनें घटनेस दहावें परिशिष्ट जोडलें गेलें. त्या अन्वयें पक्षाच्या आज्ञेविरुद्ध सभागृहांत मत देणाऱ्या किंवा मतदानास गैरहजर राहणाऱ्या सभासदाची जागा जाऊं शकते. पक्षानें पूर्वपरवानगी दिली असेल किंवा पंधरा दिवसांत क्षमा केली तरच ती वांचते. पक्षांतरांचा बाजार थांबविणें हा त्या कायद्याचा हेतु होता, आणि हेतूविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. पण त्यामुळें बर्क आणि क्रूगर या दोघांचाहि मार्ग बंद झाला. सभासदानें स्वतःच्या बुद्धीप्रमाणें मत द्यावें कीं मतदारांच्या आज्ञेप्रमाणें, हा त्यांचा वाद होता. येथें तिसऱ्याचीच आज्ञा चालते. मग 'अमुक विधेयकास आपण विरोध कराल काय' या प्रश्नास पक्षाचा उमेदवार प्रामाणिकपणें 'होय' तरी कसें म्हणणार?

तरी एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याचें उत्तर प्रत्येक उमेदवारास देतां येण्यासारखें आहे: पक्षाची आज्ञा आणि आपण आम्हांस सांगितलेलें मत यांत विरोध आला तर आपण काय कराल? मी पक्षाचें ऐकेन, असें त्यानें म्हटलें तर तें सरळ उत्तर झालें, आणि बहुतेकांचें खरें उत्तर तेंच असावें. दुसरें उत्तरहि अशक्य नाहीं. १९५२ सालीं कुलाबा मतदारसंघांतून निवडून आलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतां मुंबई केंद्राच्या अमलाखालीं ठेवण्याचा बेत ठरला. तेव्हां १९५६ सालीं त्यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्याचीं कारणें लोकसभेंत उभें राहून सांगितलीं. त्या वेळीं दहावें परिशिष्ट नव्हतें. आजहि सभासदास राजीनामा देण्यास त्यांत बंदी नाहीं, आणि मत देण्यापूर्वीं पक्षाच्या बैठकींत आपल्या मतदारांची बाजू मांडण्यासहि नाहीं. फक्त ती बैठक बंद दारांआड भरते, आणि तेथें कोण काय बोललें हें गल्लींत प्रश्न विचारणाऱ्या मतदाराच्या कानावर येण्याची सोय अद्याप कोणत्याहि पक्षानें केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं.